शनिवारी जॅझ गाणाऱ्या मुलीचे कपडे: फ्लॅपर स्टाइल आजच्या कॅरेक्टरवर कशी बसवायची

प्रश्न मला समजला तो असा. पंचवीस मिनिटांची शॉर्टफिल्म, मुलगी आजचीच, मुंबईत राहणारी, आठवडाभर ऑफिसात ऑडिओ एडिटिंग करते आणि शनिवारी रात्री एका छोट्या बारमध्ये जुनं जॅझ गाते. तिचे कपडे १९२० च्या दशकातल्या फ्लॅपर मुलींवरनं (केस कापून, सैल ड्रेस घालून नाचणाऱ्या तिकडच्या बिनधास्त तरुणी) घेतलेले हवेत, पण ती फॅन्सी ड्रेसला निघालीये असं वाटायला नको. चार लुक, बजेट पंधरा हजार. आणि तू एक काळा झालरीचा ड्रेस ऑनलाइन बघून ठेवलायस, सोबत हेडबँड, डोक्यात खोचायचं पीस, मोत्याची लांब माळ, हातमोजे असा अख्खा सेट, तो घेऊ का?

नको घेऊस.

ड्रेस वाईट आहे म्हणून नाही. तो घालून ती फ्रेममध्ये आली की बघणारा आधी म्हणणार "अच्छा, थीम पार्टी", आणि मुलगी राहिली बाजूला. मी बावीस वर्षं नाटक-सिनेमाची वेशभूषा करतेय, असले सेट मी स्वतः दोनदा वापरलेत, दोन्ही वेळा मागे नाचणाऱ्या मुलींना, तिथे ते खपून जातात कारण सहा जणी एका ओळीत आहेत आणि कुणालाच वेगळं कॅरेक्टर नाहीये.

शिवाय त्या सेटमधलं बरंचसं त्या काळचं नाहीच. मांडीपर्यंतचा झालरीचा ड्रेस हे चित्र नंतरच्या सिनेमांनी आणि डान्सच्या कपडेवाल्यांनी आपल्या डोक्यात बसवलंय. खऱ्या फ्लॅपर मुलींचा स्कर्ट दशकाच्या सुरुवातीला पोटरीवर होता, १९२३ च्या आसपास पुन्हा खाली घोट्याकडे सरकला, आणि सगळ्यात आखूड झाला तो १९२६-२७ मध्ये, तेव्हासुद्धा गुडघ्याच्या अलीकडे-पलीकडेच, म्हणजे चार्ल्सटन नाचताना गुडघे दिसायचे एवढंच. दशक संपता संपता मागून लांब, पुढून आखूड असली वेडीवाकडी हेम, म्हणजे ड्रेसची खालची कड, आली. झालर होती, नाही असं नाही, पण पार्टीच्या कपड्यांवर तिच्यापेक्षा मण्यांचं काम कितीतरी जास्त. मग एवढा गहजब कशाचा झाला म्हणशील, तर त्यांच्या आया कॉर्सेट आवळून जमिनीवर लोळणारे स्कर्ट घालत होत्या आणि लेकी कंबर मोकळी सोडून, केस कापून, मोजे गुडघ्याखाली गुंडाळून हिंडायला लागल्या.

तर फ्लॅपर कपड्याची खूण एकच धर. तो खांद्याला टांगलेला असतो. छातीला, कमरेला कुठे न अडकता सरळ खाली येतो, आणि कंबर दाखवलीच तर ती खाली, हिपवर. हँगरवर बघितलास तर अगदी पोतं दिसेल, चालणाऱ्या बाईच्या अंगावर बघितलास तर कपडा तिच्या अर्धं पाऊल मागून येतो आणि ती थांबली की तो मग थांबतो. हे मागून येणं तुला कॅमेऱ्यात पकडायचंय, बाकी पिसं-बिसं नसली तरी काही अडत नाही.

हा कट एवढा पसरला त्याचं एक कारण अगदी घरगुती आहे, शिवायला सोपा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला मेरी ब्रुक्स पिकन नावाच्या बाई पोस्टाने शिवणकाम शिकवणारी संस्था चालवायच्या, त्यांनी १९२४ च्या सुमारास "एका तासात ड्रेस" अशी पुस्तिका काढली होती. कापड दुमडायचं, इंग्रजी टी अक्षरासारखं कापायचं, दोन बाजूच्या शिवणी, हिपवर थोड्या चुण्या, झालं. पॅरिसच्या शनेल, पातू, व्हियोने या डिझायनरांची नावं तू मूडबोर्डवर टाकलीच असशील, टाक, पण तुझं बजेट पंधरा हजार आहे म्हणून सांगते, तुझ्या कामाच्या या स्क्रँटनच्या बाई.

आता कॅरेक्टर. प्रत्येक वस्तूला मी एक प्रश्न विचारते, ही हिच्याकडे आली कुठून? तुझी मुलगी जुनं जॅझ ऐकते, आठवडाभर हेडफोन लावून बसते, पगार बेताचा असणार, भाड्याच्या खोलीत राहत असणार. अशी मुलगी सेट मागवत नाही. ती तुळशीबागेत नाहीतर कुलाब्याला एखादा कानातला उचलते, एखादा मित्र बाहेरून येताना टी-स्ट्रॅपचे बूट आणतो, आणि एक वस्तू घरातली असते. या घरातल्या वस्तूवर मी सगळ्यात जास्त जोर देईन.

कारण आपल्याकडे हे वारं आलं तेव्हा ते ड्रेसमधून कमी आणि साडीतून जास्त आलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक इंदिरा, लग्नानंतर कूचबिहारची महाराणी, तिने फ्रान्सहून शिफॉन आणवून त्याच्या साड्या नेसायला सुरुवात केली आणि शिफॉनची साडी फॅशनमध्ये आणायचं श्रेय बहुतेक तिलाच देतात. बूट करून घ्यायची इटलीच्या फेरागामोकडून. जड काठपदराच्या साडीच्या जागी अंगावरनं वाहणारी साडी, खांद्यावरनं सरळ खाली, म्हणजे तीच फ्लॅपरची रेघ झाली की नाही. दुसरी सुलोचना, खरं नाव रूबी मायर्स, पुण्यात जन्मलेली, आधी टेलिफोन ऑपरेटर आणि मग मूकपटांची स्टार, १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिने आठ भूमिका केल्या होत्या. तिचे त्या काळातले फोटो शोध, केस आणि भुवया बघ. तुझ्या मुलीने फोनच्या वॉलपेपरवर हॉलिवूडच्या मूकपटांतली लुईस ब्रुक्स ठेवण्याऐवजी ही ठेवली तर मला जास्त पटेल.

म्हणून स्टेजवरचा मुख्य ड्रेस मी जुन्या जॉर्जेट साडीतून करीन, तिच्या आजीची समज. याचं गणित फार सुंदर बसतं, ते नीट सांगते.

साडीचा पन्हा ४४-४५ इंच. आपण एरवी साडीचा ड्रेस शिवतो तेव्हा लांबीतून कापतो आणि काठ कुठे लावायचा म्हणून डोकं खाजवतो. इथे साडी आडवी धर. पन्हा म्हणजेच ड्रेसची लांबी. वरचा काठ खांद्यात आणि गळ्यात कापला जातो, खालचा काठ आहे तसा हेमला येतो, हेम मारायचीच गरज नाही. पाच फूट तीन इंच उंचीच्या मुलीला हा ड्रेस गुडघ्याखाली पाच-सहा इंच येतो. म्हणजे दशकाच्या सुरुवातीची खरी लांबीही झाली आणि आज ज्याला मिडी म्हणतात तेही झालं, दोन्ही बाजूंनी तू सुटलीस. फक्त बारीक पट्ट्यांचा करू नकोस, पट्ट्या लावल्या की कापड छातीपासून सुरू होतं आणि तोच काठ घोट्याला जातो.

घेर छातीच्या मापापेक्षा सहा ते आठ इंच जास्त ठेव, आणि सीटचं माप त्यात आरामात मावतंय ना ते बघ. एवढ्या सरळ नळीत ती उभी छान दिसेल पण बारच्या उंच स्टुलावर बसता येणार नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना हिपपासून खाली जास्तीचं कापड घालावं लागेल. टेलर म्हणेल कळी लावतो. लावू देऊ नकोस. कळीची खालची कड गोल येते, सरळ काठ तिच्यात बसत नाही, ओढून बसवला तर टोकं लोंबतात. त्याऐवजी त्याच साडीचा काठासकट चौकोनी तुकडा घे, चुण्या घाल आणि शिवणीत बसव. उभी असताना काठ सलग दिसतो, चालायला लागली की चुण्या उघडतात. हे दोन तुकडे काढूनही साडेपाच मीटरमधलं भरपूर कापड उरतं, त्यातून एक लांब स्कार्फ काढ, उरलेलं टेलरने चूक केली तर असू दे. चूक होतेच.

जॉर्जेट पारदर्शक, तर अस्तर शिवून टाकू नको, आतून वेगळी स्लिप दे, मोडाल सॅटिनची. त्या काळातही असंच, वरचा ड्रेस वेगळा, आतली स्लिप वेगळी. फायदा असा की काळ्या-हिरव्या साडीखाली एका सीनला काळी स्लिप आणि दुसऱ्याला फिकट पीच घातलीस की दोन ड्रेस झाले. चारातले दोन लुक इथेच सुटले बघ.

रंगाचं सांगायचं राहिलं. फोटो काळे-पांढरे म्हणून लोक सगळं काळं, रुपेरी, सोनेरी करून टाकतात. खरं तर जेड हिरवा, पोवळ्याचा केशरी-लाल, पीच, पिस्ता, असले रंग त्या काळात जोरात होते. आणि १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर तर इजिप्तची कमळं, पंख, किडे सगळ्या कपड्यांवर चढले. मोटिफ हवं असेल तर मात्र तुझी मुलगी मुंबईची आहे, तिला इजिप्तला पाठवू नकोस. ओव्हलच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (सरळ रेघा आणि भूमितीच्या आकारांची शैली) इमारतींच्या ग्रिल, गच्चीचे कठडे, जिन्याच्या पायऱ्यांचे आकार, हे सगळं जरा नंतरचं, १९३० च्या दशकातलं, पण घराणं तेच. ती ट्रेननं चर्चगेटला उतरत असेल तर रोज बघतच असेल. त्यातला एक आकार घे. एकच. २०१२ च्या स्प्रिंग-समर कलेक्शनमध्ये गुची आणि राल्फ लॉरेन दोघांनीही हेच दशक घेतलं होतं, गुचीने काळ्या-सोनेरीतली इमारतींची भूमिती उचलली आणि लॉरेनने फिकट रंगांचा मऊपणा, दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघ, कुणीही सगळं उचललेलं नाहीये.

मण्यांचं काम करायचं का? थोडं कर, जपून. आरीची सुई, म्हणजे टोकाला हुक असलेली भरतकामाची सुई, मूळ आपल्याकडची, अठराव्या शतकात युरोपात गेली, तिकडच्या मणीकामाची हुकाची सुई तिचीच नात, आणि आज पॅरिसच्या मोठमोठ्या नावांची भरतकामं मुंबईतल्या अड्ड्यांवर (कापड ताणून बसवायच्या चौकटींवर) होतात, म्हणजे तुला कारागीर शोधायला लांब जायला नको. कारागिराला "फ्लॅपर टाइप" सांगितलंस तर तो मान डोलवेल आणि लग्नाचा ब्लाउज करून देईल. खाका, म्हणजे डिझाइनचं रेखाटन, तू काढून ने, त्यावर कुठे कटदाणा (काचेचे बारीक मणी), कुठे नळी, कुठे टिकली ते पेन्सिलने मार्क कर, आणि सांग की मणी उभ्या रेघेत, पाकळी नको, कोयरी नको.

पण आरीत एक धोका असतो. टाका साखळीचा, म्हणजे एक धागा तुटला की ओळ सरासर उसवते. एका दौऱ्यावर आमच्या नटीचा ड्रेस खुर्चीच्या खिळ्यात अडकला, पहिल्या अंकात अर्धी ओळ गेली आणि दुसऱ्या अंकात नायक त्याच मण्यांवरनं घसरला, लोकांना वाटलं विनोद आहे, टाळ्या मिळाल्या. तेव्हापासून दर दोन-तीन इंचांवर गाठ मारायला लावते आणि उलट्या बाजूने फॅब्रिक ग्लूचा पातळ हात. बसायच्या जागी, काखेत आणि पर्सच्या बाजूला मणी नाहीत म्हणजे नाहीत.

दुसरा धोका तुझ्या फिल्मला जास्त लागू. कटदाणा वाजतो. एका शूटला कॉलर माइक ड्रेसच्या आत होता, नटी श्वास घ्यायची आणि हेडफोनमध्ये पाऊस पडायचा. रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. शेवटी छातीवरच्या चार ओळी मी सेटवर बसून उसवल्या. तुझी नायिका तर गाणारी आहे, आणि वर ऑडिओ एडिटर, तेव्हा गळ्यापासून छातीपर्यंत काम टाळ, खाली हेमच्या वर एक पट्टा कर. त्याने कपड्याला खाली वजनही येतं आणि तो डोलतो छान. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी लाव, नाहीतर जॉर्जेट त्या वजनाने हळूहळू ताणत जातं. त्या काळचे मूळ ड्रेस आज म्युझियममध्ये टांगत नाहीत, आडवे ठेवतात, ते याचसाठी.

झालर तुला इतकी आवडली असेल तर स्कार्फच्या टोकांना लाव. रेयॉनची घे, पॉलिस्टरची नको, पॉलिस्टर हलकी असते, अंगाला चिकटते, झुलत नाही. दुकानात उभ्या उभ्या हातावर टाकून झटकून बघ, पाण्यासारखी परत आली पाहिजे. भुलेश्वरला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळेल. खालच्या कडेला साखळीची टीप घातलेली येते ती लावून झाल्यावरच काढ, आधी काढलीस तर संध्याकाळपर्यंत गुंता सोडवत बसशील.

फिटिंगचं नाजूक प्रकरण. हा कट सपाट अंगासाठी होता, तेव्हाच्या बायका छाती सपाट करायला घट्ट पट्ट्या बांधायच्या. तुझ्या नटीला असलं काही करू नकोस, ती गाणार कशी, श्वास कुठून घेणार? छाती भरलेली असेल तर टक्स पुढून दिसतील असे न घेता खांद्यात चार बारीक चुण्या घे, आणि बाजूचा टक खालून तिरका वर ने. हिप रुंद असतील तर ड्रॉप वेस्टची, म्हणजे खाली आणलेल्या कमरेची, आडवी रेघ सगळ्यात रुंद जागेवर नको, तिच्या वर दोन इंच ठेव, किंवा शिवण न घेता नुसता पट्टा तिरका बांध, एका बाजूला गाठ आणि टोकं लोंबती. आणि हेही चालत नसेल तर त्याच काळात पॅरिसच्या डिझायनर जान लाँव्हॅंचा "रोब द स्तील" नावाचा प्रकार होता, वरून सरळ आणि खाली दोन्ही बाजूंना फुगलेला घेर, तो कुणालाही शोभतो. त्याचं नाव कुणी घेत नाही कारण तो पोस्टरवरच्या फ्लॅपरसारखा दिसत नाही.

ऑफिसचा लुक मला खरं तर सगळ्यात आवडता आहे आणि तू त्याबद्दल काही विचारलंच नाहीस. दिवसाची फ्लॅपर म्हणजे खेळाडूचे कपडे. टेनिसची सुझान लेंग्लेन, तिचे कपडे जाँ पातू करायचा, प्लीटचा स्कर्ट, बिनबाह्यांचा लांब स्वेटर, कपाळावर पट्टी. आज याचं काय होतं, तर प्लीटेड मिडी स्कर्ट, त्यावर हिपपर्यंत येणारं सैल निटेड बनियन, खाली लोफर, आणि कपाळावरच्या पट्टीच्या जागी तिचा मोठा हेडफोन. लोकलमध्ये कुणी वळूनही बघणार नाही, पण बघणाऱ्याला शनिवारची मुलगी आणि सोमवारची मुलगी एकच वाटेल. यातलं बरंचसं नटीच्याच कपाटात निघेल, खर्च दीड-दोन हजारात आटोपतो. चौथा, घरातला लुक, जुनी सॅटिनची पायजमा-कुर्त्याची जोडी आणि केस वर बांधलेले, फार विचार करू नको.

केसांबद्दल. नटी बॉब करायला तयार असेल तर तिला आईस्क्रीम खाऊ घाल. नसेल तर वेणी सैल घालून मानेवर आत दुमडायची आणि पिना मारायच्या, वर एक-दोन लाटा जेलने बसवायच्या, रोजचा पाऊण तास धर आणि फोटो काढून ठेव, नाहीतर कंटिन्युइटीत भांग डावीकडचा उजवीकडे जाईल. विग नको, स्वस्त विग क्लोजअपमध्ये ओरडतो. क्लोश टोपी, ती घंटेसारखी फेल्टची, मुंबईच्या उकाड्यात कोण घालतं? तोच आकार हवा असेल तर उरलेल्या साडीचा स्कार्फ भुवयांच्या जरा वर बांध, मागे मानेवर गाठ.

मोत्याची माळ एक चालेल, पण गळ्यात पुढे नको, पाठीवर सोड. ती माइककडे तोंड करून गाते आणि कॅमेरा तिच्या मागून बारकडे बघतो असा एखादा शॉट असेलच ना, माळ तिथे कामाला येईल. शिवाय माइकपासून लांब.

बूट मात्र सगळ्यात आधी घे, ड्रेसच्याही आधी. पट्टा असलेले, हील दोन इंचांच्या आसपास आणि जाड. त्या मुली पट्ट्याचे बूट घालायच्या कारण नाचताना साधे पंप पायातून उडायचे. ट्रायलला ते बूट घालूनच तिला उभी कर, मग चालव, स्टुलावर बसव, उठव, हात वर करून माइकचा स्टँड ॲडजस्ट करायला लाव आणि मागून व्हिडिओ काढ. हात वर केल्यावर काठ पुढून वर चढत असेल तर मुंढा, म्हणजे बाहीचा घेर, खोल झालाय, हेमला हात लावू नको, काखेत तुकडा घाल.